रक्ताचा अभिमान आणि वाटाण्याची साक्ष

आपल्या समाजात लग्नाची बोलणी सुरू झाली की एक शब्द हमखास बैठकीत येऊन बसतो. तो शब्द म्हणजे ‘रक्त’. मुलाची नोकरी, मुलीचे शिक्षण, घर, वाडी, विहीर हे सारे विचारून झाल्यावर कुणीतरी वडीलधारे गृहस्थ आवाज किंचित खाली आणून म्हणतात, “बाकी सगळे ठीक आहे हो, पण रक्त कसे आहे?” या प्रश्नाला तीन ठरावीक उत्तरे असतात. एक : ‘जुने घराणे आहे, रक्त चांगले आहे.’ दुसरे : ‘त्या घरात काहीतरी खोट आहे म्हणतात.’ तिसरे उत्तर लग्नानंतर तयार होते आणि ते फक्त सुनेच्या वाट्याला येते : ‘तिला मुलीच होतात, तिच्या आईलाही मुलीच होत्या.’

ही तिन्ही विधाने खोटी आहेत, असे मी म्हणतो. अर्धसत्य नव्हे, अतिशयोक्ती नव्हे, साफ खोटी. ती ज्या कल्पनेच्या पायावर उभी आहेत, तो पायाच दीडशे वर्षांपूर्वी उखडला गेला; आणि उखडणारा कुणी नास्तिक शास्त्रज्ञ नव्हता, तर आपल्याच ख्रिस्तसभेचा एक धर्मगुरू होता. तरीही आपण त्या कल्पनेला कवटाळून बसलो आहोत आणि तिची किंमत मोजत आहेत आपल्या सुना, आपली आजारी मुले आणि ज्यांची लग्ने कुजबुजीने मोडली ते तरुण-तरुणी.

प्रथम त्या रक्ताचेच पाहू. आई-बापांचे रक्त मुलात एकत्र होते, दुधात साखर विरघळावी तसे गुण मिसळतात, ही समजूत फार जुनी आहे आणि तिने मोठमोठ्यांना चकवले आहे. चार्ल्स डार्विननेही १८६८ साली असे मांडले की, शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघतात आणि जननेंद्रियांत गोळा होतात. त्याचाच आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातला फ्रान्सिस गाल्टन याने १८७१ साली ही कल्पना कसाला लावली. एका रंगाच्या सशांच्या अंगात दुसऱ्या रंगाच्या सशांचे रक्त भरले आणि त्यांची पिल्ले पाहिली. पिल्लांच्या रंगात तसूभरही फरक पडला नाही. आज तर आपल्याला याहून अधिक ठाऊक आहे. ज्या तांबड्या पेशींमुळे रक्त तांबडे दिसते, त्या परिपक्व पेशींत केंद्रकच नसते. म्हणजे आनुवंशिक द्रव्याचा जो साठा केंद्रकात असतो, तो त्यांच्याजवळ नाहीच. गर्भातल्या बाळाचे रक्तही आईचे नसते. ते बाळ स्वतःच तयार करते आणि दोन्ही रक्तप्रवाहांच्या मध्ये वारेचा पडदा असतो. तेव्हा ‘आमचे रक्त’ म्हणून छातीवर हात मारणाऱ्या गृहस्थाने ज्या पदार्थाची शपथ घेतली आहे, त्या पदार्थाला वंशाचे काहीच ठाऊक नाही.

मग वारसा जातो कशातून? याचे पहिले खरे उत्तर ब्रनो येथील संत थॉमसच्या ऑगस्टिनियन मठातील फादर ग्रेगोर मेंडेल यांनी दिले. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज चेक प्रजासत्ताकात आहे. मेंडेल १८२२ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मले, १८४३ साली मठात आले, १८४७ साली धर्मगुरू झाले. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत १८५० साली नापास झाले. आपल्याकडे विज्ञान आणि श्रद्धा यांवर व्याख्यान असले की वक्ते मेंडेलांचे नाव मोठ्या अभिमानाने घेतात, आणि टाळ्या पडतात. मात्र त्या गृहस्थाने नेमके काय सिद्ध केले हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल, याबद्दल मला दाट शंका आहे. सांगता आले असते, तर सभा सुटल्यावर अंगणात पुन्हा ‘रक्ता’च्या गोष्टी निघाल्या नसत्या.

१८५६ ते १८६३ या काळात मेंडेलांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे अठ्ठावीस हजार रोपे लावली. गोल दाण्याच्या जातीचा आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या जातीचा संकर केला. मिसळण्याचा सिद्धान्त खरा असता, तर पहिल्या पिढीत अर्धवट सुरकुतलेले दाणे मिळायला हवे होते. ते मिळाले नाहीत. सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. मग त्या गोल दाण्यांपासून रोपे वाढवून त्यांची स्वपरागणाने आलेली संतती मोजली, तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० दाणे सुरकुतलेले निघाले. तीनास एक. आणि मुख्य गोष्ट अशी की परत आलेली सुरकुती जशी गेली होती तशीच्या तशी आली. गोलपणाच्या सहवासाने ती फिकी झाली नव्हती, ना तिच्या सहवासाने गोलपणा बाटला होता. ‘बाटणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आनुवंशिकतेत बाटणे नाही. प्रत्येक गुणामागे दोन स्वतंत्र घटक असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. ते शेजारी राहतात, पण एकमेकांत विरघळत नाहीत, आणि पुढची पिढी घडताना पुन्हा वेगळे होतात. हा निबंध मेंडेलांनी १८६५ सालच्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ब्रनोच्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे दोन बैठकांत वाचला आणि तो १८६६ साली छापला गेला. त्याचे मोल फारसे कुणालाच कळले नाही. १८६८ साली मेंडेल मठाधिपती झाले, सरकारशी मठावरील कराबद्दल भांडत राहिले आणि १८८४ साली वारले. जगाने त्यांना ओळखले ते १९०० साली.

घटक वेगळे होतात, पण कसे? या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. (ही साधी संख्यादेखील १९५६ साली निश्चित झाली; तोपर्यंत पाठ्यपुस्तके ४८ सांगत होती.) आता आईच्या बीजातून ४६ आणि बापाच्या बीजातून ४६ आली, तर मुलात ९२ होतील आणि नातवात १८४. तसे होत नाही, याचाच अर्थ बीज तयार होताना संख्या निम्मी होत असली पाहिजे. हे अनुमान ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात तर्काने मांडले. बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेडेन याने १८८३ साली घोड्याच्या आतड्यातील जंतावर काम करताना अंड्यातील व शुक्रपेशीतील गुणसूत्रे निम्मी असल्याचे दाखवले होते. या निम्मे होण्याच्या प्रक्रियेला आपली शालेय पुस्तके अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. दहावीची मुले त्याच्या आकृत्या पाठ करून गुण मिळवतात आणि विसरतात. माझा सगळा युक्तिवाद मात्र या विसरलेल्या आकृतीतच आहे.

असे समजा की, प्रत्येक माणसाजवळ तेवीस खंडांचा एक ग्रंथ आहे आणि प्रत्येक खंडाच्या दोन प्रती आहेत. एक त्याच्या बापाने दिलेली, एक आईने. मुलाला द्यायची असते प्रत्येक खंडाची एकच प्रत. लेखनिक बसतो. तो प्रथम दोन्ही प्रतींची नक्कल करून घेतो. मग दोन्ही प्रती शेजारी शेजारी मांडतो आणि काही पाने एका प्रतीतून, तर काही दुसऱ्या प्रतीतून घेऊन नवे खंड बांधतो. पाने बदलण्याची ही क्रिया पुरुषात प्रत्येक वेळी सरासरी सव्वीसच्या आसपास, तर स्त्रीत चाळीसच्या आसपास ठिकाणी घडते. त्यानंतर जोड्या फुटतात आणि कुठल्या खंडाची कुठली प्रत कुठल्या बीजपेशीत जाईल, हे निव्वळ योगायोगावर सोडले जाते. पानांची अदलाबदल क्षणभर विसरलो, तरी एका माणसाला ८३,८८,६०८ प्रकारची बीजे देता येतात. आणि एका दांपत्याला सुमारे सत्तर लाख कोटी प्रकारची मुले होऊ शकतात. एकाच आईबापांची दोन भावंडे एकमेकांसारखी का नसतात, याचे उत्तर शेजाऱ्याच्या दृष्टीत किंवा सुईणीच्या हातात शोधण्याचे कारण नाही.

स्त्रीच्या बाबतीत या प्रक्रियेचे एक वैशिष्ट्य आहे आणि ते वाचून मी पुष्कळ वेळ स्वस्थ बसून राहिलो होतो. स्त्रीच्या बीजांडांचे अर्धगुणसूत्री विभाजन ती स्वतः आईच्या गर्भात असतानाच सुरू होते. मग ते मध्येच थांबते. वीस, तीस, कधी चाळीस वर्षेही थांबून राहते आणि बीजांड बाहेर पडण्याच्या वेळी पुन्हा चालू होते. म्हणजे आपण ज्या बीजांडातून जन्मलो, त्याची सुरुवात आपली आई आपल्या आजीच्या पोटात होती तेव्हाच झाली होती. ज्यांना आजोळचे नाते ‘परक्या घराचे’ वाटते, त्यांनी यावर थोडा विचार करावा.

आता घराण्याच्या अभिमानाकडे येऊ. वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून गेला तो १७३९ साली. त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली; म्हणजे ढोबळमानाने दहा-अकरा पिढ्या. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. लोक त्यांतील एकाचे नाव सांगतात, ज्याच्या नावाने आडनाव आले किंवा जमिनीचा कागद झाला, आणि म्हणतात की आम्ही त्यांचे रक्त. उरलेल्या १,०२३ जणांचे काय? आणि त्या एकाचे तरी काय? वर सांगितलेली पानांची अदलाबदल प्रत्येक पिढीत होत गेल्यामुळे पूर्वजांचा वारसा ठरावीक तुकड्यांतच खाली येतो आणि त्या तुकड्यांची संख्या पूर्वजांच्या संख्येइतक्या वेगाने वाढत नाही. दहाव्या पिढीपर्यंत पोहोचलो की तुकडे सहाशे-साडेसहाशे आणि दावेदार हजारावर. हिशेब असा निघतो की त्या पिढीतील जवळजवळ निम्म्या पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. कागदोपत्री ते आपले पूर्वज. शरीरात मात्र त्यांची खूणही नाही. ज्या थोर पुरुषाच्या नावाने सामवेदी वाडवळाकडे, वाडवळ कोळ्याकडे, गोव्यातला बामण चारडोकडे आणि चारडो सुदीराकडे नाक मुरडून पाहतो, त्या थोर पुरुषाचा अंश अभिमान मिरवणाऱ्याच्या अंगात नसण्याचीच शक्यता असण्याइतकी आहे!

यावर एक जाणकार आक्षेप घेतील, आणि तो घेतला पाहिजे. ते म्हणतील, बापाकडून मुलाकडे जाणारे ‘वाय’ गुणसूत्र तर जवळजवळ अखंड उतरते. तेव्हा पुरुषवंशाला काही आधार आहेच. आहे. पण तो केवढा? माणसाच्या प्रथिने घडवणाऱ्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी वाय गुणसूत्रावर फार तर शंभरभर. त्यांतील कित्येक एकाच जनुकाच्या नकला, आणि पुष्कळांचे काम शुक्रजंतू घडवण्यापुरते. एवढ्या भांडवलावर कुलाभिमानाचा वाडा बांधायचा असेल, तर बांधणाऱ्याने खुशाल बांधावा. मत्तयने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना वगळले नाही. आपल्या घरांच्या वंशावळींत मात्र सुनांची माहेरची नावे बहुधा सापडत नाहीत.

तिसऱ्या विधानाचा समाचार थोडक्यात घेतला तरी चालेल, कारण तेथे वादाला जागाच नाही. स्त्रीच्या पेशींत लिंगगुणसूत्रांची जोडी ‘एक्स-एक्स’ असते, पुरुषाच्या ‘एक्स-वाय’. जोडी फुटली की स्त्रीच्या प्रत्येक बीजांडात एक्सच जाणार. दुसरे काही तिच्याजवळ नाहीच. पुरुषाच्या शुक्रपेशींपैकी निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. मुलगा की मुलगी, हे बापाकडून आलेल्या पेशीवर ठरते. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने हे १९०५ साली एका किड्याच्या अभ्यासातून दाखवले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे झाली. तरीही चौथ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आलेल्या बाया आईच्या तोंडावर “पुढच्या वेळी देव देईल” असे म्हणतात आणि बापाकडे कुणी वळूनही पाहत नाही. अर्थात, वळून पाहून त्याला दोष द्यावा असेही मी म्हणत नाही. नाण्याची कुठली बाजू वर पडली, याबद्दल नाणे फेकणाऱ्याला कुणी शिक्षा करत नाही. महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. पण सुनेला टोमणे मारण्याविरुद्ध कायदा कुठून आणणार?

असाच दोष आणखी एका आईच्या माथी मारला जातो. कधी कधी लेखनिकाची चूक होते. जोडी फुटायची ती फुटत नाही आणि एकाच बीजपेशीत एका खंडाच्या दोन प्रती जातात. एकविसाव्या क्रमांकाच्या गुणसूत्राबाबत असे घडले की बाळात त्याच्या तीन प्रती होतात. यालाच डाउन सिंड्रोम म्हणतात. हे कारण १९५९ साली पॅरिसमध्ये उघडकीस आले. शोधनिबंधावर पहिले नाव जेरोम लेज्यून यांचे होते; पेशी वाढवण्याची मेहनत मुख्यतः मार्थ गोतिए या तरुण महिला डॉक्टरने केली होती आणि तिला तिचे श्रेय मिळायला पन्नास वर्षे लागली, हेही येथे सांगून टाकलेले बरे. लेज्यून श्रद्धावंत कॅथलिक होते. आपल्या शोधाचा उपयोग अशी बाळे गर्भातच संपवण्यासाठी होतो, याचे दुःख त्यांनी जन्मभर बाळगले. १९९४ साली परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना जीवनविषयक परमपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमले आणि त्याच वर्षी ते वारले. आईच्या वयाबरोबर या चुकीची शक्यता वाढते हे खरे. बीजांड इतकी वर्षे थांबून राहिलेले असते. पण त्यात ना कुणाचे पाप आहे, ना ग्रहण पाळले नाही याची शिक्षा, ना माहेरची खोट. अशा बाळाला घेऊन आई रविवारी मिस्साला येते, तेव्हा तिच्या बाकावर जागा ठेवून दूर बसणाऱ्यांना मी अज्ञानी म्हणणार नाही. ज्ञान त्यांच्या मुलांच्या दप्तरात आहे. ते उघडून पाहण्याची इच्छा नाही, इतकेच.

आता राहिली ती ‘खोट’. आणि येथे विषय केवळ अभिमानाचा राहत नाही, जिवाचा होतो.

मेंडेलांची सुरकुती आठवा. गोल दिसणाऱ्या दाण्यात ती लपून राहू शकते. माणसांत अशी लपून राहणारी काही जनुके गंभीर आजारांची असतात. आणि अशी एखाद-दुसरी जवळ बाळगून नसलेला मनुष्य बहुधा सापडायचा नाही. जे रक्ताची चौकशी करतात, तेही त्यात आले. थॅलेसेमिया हा अशांपैकी एक आजार. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका जनुकाची एकच प्रत सदोष असेल, तर माणूस ‘वाहक’ होतो. तो आजारी नसतो, शेतात राबतो, फुटबॉल खेळतो, ऐंशी वर्षे जगतो. भारतात शंभरांत तीन-चार जण असे वाहक असल्याचा अंदाज आहे, काही समाजांत त्याहून अधिक. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाले, तर एकाही मुलाला हा गंभीर आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी की दोन्ही सदोष प्रती एकाच बाळाच्या वाट्याला येतील. मग त्या बाळाला सहा महिने ते दोन वर्षे या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी जन्मभर औषधे. अस्थिमज्जेचे रोपण करून आजार बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता हवा; सख्ख्या भावंडाचे जुळण्याची शक्यताही पुन्हा तीच, चारांत एक, आणि तीही याच विभाजनाच्या नियमाने. देशात दरवर्षी अशी दहा हजारांहून अधिक मुले जन्माला येतात, असे सरकारी अंदाज सांगतात. शेजारच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेल हा त्याचाच भाऊबंद आजार आहे. त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

या चारांत एकचा अर्थ लोक फार विचित्र लावतात. पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप, असे समजून पुढचे मूल होऊ देणारी दांपत्ये आहेत. योगायोगाला स्मरणशक्ती नसते. लेखनिक दर वेळी नव्याने बसतो.

लहान समाजात एकमेकांतच लग्ने करीत राहिल्याने ही शक्यता वाढते. वर मी १,०२४ पूर्वज म्हटले. त्या १,०२४ जागा आहेत, माणसे तितकी नव्हेत. चार-सहा गावांतच पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक झाली की तीच माणसे अनेक जागांवर बसलेली असतात आणि एका पूर्वजाची लपलेली सुरकुती दोन्ही बाजूंनी खाली येते. ख्रिस्तसभेने चुलत, मावस, आते-मामे भावंडांतील विवाहाला अडसर घातला आहे आणि तो खास परवानगीशिवाय दूर होत नाही. त्या नियमामागची कारणे निराळी होती, पण या बाबतीत त्याने भलेच केले. म्हणजे ज्या ‘शुद्ध रक्ता’साठी आपण परक्या धर्मग्रामातला, परक्या जातीचा मुलगा नाकारतो, ते शुद्ध ठेवण्याचा सोसच आजाराला दार उघडून देतो.

उपाय साधा आहे. रक्ताची नेहमीची तपासणी, आणि तीत तांबड्या पेशींचा आकार लहान आढळला तर हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण पाहणे. (लहान आकार लोहाच्या कमतरतेनेही होतो, वाहकाला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खाऊ घालणारे डॉक्टर आहेत. म्हणून दुसरी तपासणी टाळू नये.) एकदा केली की जन्मभर पुरते.

ही तपासणी विवाहपूर्व शिबिराचा भाग व्हावी असे कुणी सुचवले की तीन आक्षेप येतात. पहिला, ‘देवाच्या इच्छेत ढवळाढवळ नको.’ चष्मा लावताना आणि मुलाला पोलिओचा डोस पाजताना हा आक्षेप कुणाला सुचत नाही, तेव्हा त्यावर शाई खर्च करत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे : ‘माणसांची अशी निवड करणे म्हणजे सुप्रजननवाद.’ हा शब्द वरच्याच गाल्टनने १८८३ साली घडवला आणि त्याच्या नावाखाली अमेरिकेत १९०७ सालापासून हजारोंची सक्तीने नसबंदी झाली. १९३३ साली जर्मनीने तसा कायदा केला आणि पुढे काय झाले ते जगाने पाहिले. अकरावे पायस यांनी १९३० सालच्या विवाहविषयक परिपत्रकात या विचाराला स्पष्ट विरोध केला होता, आणि तेव्हा तो करणारे थोडेच होते. म्हणूनच मी सांगतो ते नीट ऐकावे. तपासणीचा निकाल लग्नाला मनाई करण्यासाठी नाही. सायप्रसमध्ये तेथील ऑर्थोडॉक्स धर्मसभा लग्नाआधी तपासणीचा दाखला मागते, पण निकाल काय आहे म्हणून लग्न लावायचे नाकारत नाही. सार्डिनिया या कॅथलिक बेटावर दर आठ माणसांत सुमारे एक वाहक आहे. तेथे १९७०च्या दशकात सुरू झालेल्या मोहिमेने आजारी बालकांचे प्रमाण अडीचशे जन्मांत एकावरून चार हजारांत एकावर आले. मात्र हे आकडे टाळ्यांसाठी वापरणाऱ्यांनी पुढचेही सांगावे की ते मुख्यतः गर्भाची तपासणी आणि गर्भपात या मार्गाने साधले. आपल्याला तो मार्ग मान्य नाही. मान्य नसेल तर आपल्यावरची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे, कमी नव्हे. गर्भ राहिल्यावर ज्यांच्या हाती काही उरत नाही, त्यांनी लग्नाआधी, खरे तर प्रेमात पडण्याआधी, जाणून घेतले पाहिजे. ‘गर्भपात नको’ हेही म्हणायचे आणि ‘तपासणीही नको’ हेही म्हणायचे, याला मी श्रद्धा म्हणत नाही. त्याचा भार शेवटी दर तीन आठवड्यांनी सुई टोचून घेणाऱ्या लेकरावर पडतो.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक, कारण त्यात भीती आहे : ‘कळले तर मुलीचे लग्न कोण करील?’ या एका वाक्यामुळे घरोघर रिपोर्ट कपाटात दडवले जातात. पण ही भीती निर्माण कुणी केली? ज्याने ‘रक्त कसे आहे’ हा प्रश्न विचारला त्यानेच. वाहक असणे म्हणजे डावखुरे असण्याइतकीही खोट नाही. तिच्यासाठी प्रश्न एवढाच की समोरचाही वाहक आहे का, आणि बहुतेक वेळा तो नसतो. दोघेही वाहक निघाले आणि सर्व जाणून, धर्मगुरूंशी व डॉक्टरांशी बोलून त्यांनी लग्न करायचे ठरवले, तर तो त्यांचा अधिकार आहे. मूल दत्तक घ्यावे की धोका पत्करावा, हे त्यांनी ठरवावे आणि त्यांच्या दारात आपण कोणीही कुजबुजू नये.

म्हणून शिबिरात ही तपासणी सुचवण्याने भागणार नाही. शिबिराला येईपर्यंत हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापलेल्या असतात; त्या वेळी मिळालेले ज्ञान फक्त रडवते. अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींची तपासणी धर्मग्रामाच्या युवक मंडळाने एखाद्या रविवारी मिस्सानंतर, सर्वांची एकत्र, एकही वगळता घ्यावी. ज्यांची सर्वांबरोबर झाली, त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. आधी अर्धा तास शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर त्या विभाजनाची आकृती काढावी आणि मुलांच्या आईबापांना पुढच्या बाकांवर बसवावे. आणि अहवालाचा लिफाफा ज्याचा त्याच्या हाती, बंद, द्यावा. मध्यस्थाच्या नव्हे, कार्यालयाच्या नव्हे, वडिलांच्याही नव्हे.